हिवाळा, रजा पाच, बाइक एक: पुण्यातले शनिवार-रविवार कसे लावावेत?

वऱ्हाडी_वाकड | १४ नोव्हेंबर २०२६, रात्री ९.१०

दिवाळी आटोपली, आता फेब्रुवारीअखेरपर्यंतचं गणित बसवायचं आहे. नोकरी हिंजवडीत, सोमवार ते शुक्रवार. रजा पाच उरल्यात, मार्चनंतर त्या बाद. १५० सीसीची बाइक, १८-५५ किट लेन्सवाला साधा डीएसएलआर. तंबू, स्लीपिंग बॅग काही नाही. महिन्याला चार-पाच हजार खर्च चालेल.

डोक्यात आहे ते असं: हरिश्चंद्रगडावर मुक्काम आणि तारे, भिगवणचे फ्लेमिंगो, हुरडा, जमलं तर कोकण. यंदा ख्रिसमस शुक्रवारी आणि २६ जानेवारी मंगळवारी आहे. दोनपैकी एकदा घरी अकोल्याला जायचंच आहे. कुठला शनिवार कशाला द्यावा?

शिवाय रोजचं एक विचारतो. सकाळी साडेपाचला धावायला गेलं की घसा धरतो. थंडीमुळे होतं की आणखी काही?

लिंका नकोत, नेमकं सांगा.

---

व्याध | १४ नोव्हेंबर, रात्री १०.०२

पहिलं काम: सुट्ट्यांची यादी बाजूला ठेवा आणि कालनिर्णय काढा. तारे बघायचे तर अमावास्येजवळचे शनिवार आधी बाजूला काढायचे, बाकी सगळं उरलेल्या शनिवारांत बसवायचं. लोक उलटं करतात. लाँग वीकेंडला गडावर जातात आणि चांदण्यात शेजारच्या तंबूतला ब्लूटूथ स्पीकर ऐकून परत येतात.

या हिवाळ्यात अमावास्या ९ डिसेंबर, ७-८ जानेवारी आणि ६ फेब्रुवारीला येतात. म्हणजे तुमचे शनिवार १२ डिसेंबर, ९ जानेवारी, ६ फेब्रुवारी. ख्रिसमसच्या आदल्याच दिवशी पौर्णिमा संपते, त्यामुळे २५ ते २७ डिसेंबर ताऱ्यांसाठी बाद. २२ जानेवारीला पुन्हा पौर्णिमा, म्हणजे प्रजासत्ताक दिनाचा जोडही बाद. दोन्ही मोठ्या सुट्ट्या चंद्राने खाल्ल्या, पण त्यामुळेच तुमचा प्रश्न सोपा झाला.

१२ डिसेंबर सोडू नका. मिथुनेचा उल्कावर्षाव (जेमिनिड्स) १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्रींना जोरात असतो. तो हळूहळू चढतो आणि झपकन उतरतो, म्हणून १२ ची रात्रही वाया जात नाही. सोमवारची एक रजा टाकली तर १३ ची रात्रसुद्धा मिळते. त्या रात्री चंद्रकोर दहाच्या सुमारास मावळते, पुढे पहाटेपर्यंत आकाश तुमचं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, हा मात्र ३२०० फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या कचऱ्यातून होतो. उल्का थोड्या संथ येतात, त्यामुळे नवख्यालाही नीट दिसतात.

बातम्यांत 'तासाला दीडशे' असं येईल. तो आकडा उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळं असताना एकट्याला दिसतील तेवढ्यांचा. गडावरून मध्यरात्रीनंतर तासाला चाळीस-पन्नास मोजल्यात तर रात्र सार्थकी लागली समजा. उगमबिंदू पुनर्वसूच्या कॅस्टरजवळ. तो अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा अकराला कंटाळून झोपू नका. पाठीवर आडवं व्हायचं आणि उगमबिंदूकडे टक न लावता त्याच्या आजूबाजूला नजर सैल ठेवायची. लांब रेघा तिथेच उमटतात.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगाटात ती पुन्हा शून्यावर येतात. हेडटॉर्चवर पतंगाच्या लाल कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा, काम झालं.

---

पायवाट | १४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

व्याध यांच्याशी सहमत, पण गड चढायचाय हे विसरू नका :)

हरिश्चंद्रगडाला पुण्याहून दोन कामाच्या वाटा आहेत.

खिरेश्वर: नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, खुबी फाटा, मग पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने गाव. वाकडहून सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. गावातून तोलार खिंड तास-दीड तास, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि त्यानंतर सात टेकड्यांचा चढउतार. नवखे लोक कातळटप्पा झाला की गड आला समजून पाणी संपवतात. तिथून मंदिर अजून दीड-दोन तास दूर असतं. एकूण चार ते पाच तास धरा.

पाचनई: आळेफाट्यावरून ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे. रस्ता दीडशेच्या वर जातो, पण चढ दोन-अडीच तासांचा आणि वाट कड्याच्या पोटातून ठळक. पाठीवर मुक्कामाचं सामान आणि कॅमेरा असेल तर पाचनईच. नळीची वाट या प्रश्नात येतच नाही, ती दोर आणि जाणते सोबती असलेल्यांसाठी.

हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. नाक्यावर प्रवेश शुल्क आणि नोंद. तंबू कुठे लावायचा, मुक्काम चालतो का, याचे नियम वनखातं अधूनमधून बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात गावात ज्यांच्याकडे जेवण सांगाल त्यांनाच विचारून घ्या. जेवणही फोनवर आधी सांगायचं. पिठलं-भाकरी, ठेचा, सकाळी पोहे. वर स्टोव्ह, भांडी वाहायची गरज नाही.

शनिवारी वाकडहून सव्वापाचला निघा. चाकण सहाच्या आत मागे पडलं पाहिजे. साडेदहा-अकराला पाचनई, दीडपर्यंत वर. दुपारी केदारेश्वराची गुहा (पाणी कमरेपर्यंत आणि बर्फासारखं), मंदिर, पुष्करणी. साडेचारला कोकणकडा. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि काळोख झपाट्याने पडतो. कड्याच्या टोकाशी पोटावर झोपूनच बघायचं, आणि तंबू कड्यापासून बऱ्यापैकी आत, झाडीच्या आडोशाला. कोकणातून वर येणारा वारा रात्री खुंट्या उपटतो. कातळावर खुंट्या शिरत नाहीत, म्हणून दोन-तीन मीटर सुतळी न्या आणि दोऱ्या दगडांना बांधा.

आणि बाइकवाल्यांसाठी महत्त्वाचं. सध्या उसाचं गाळप सुरू आहे. पहाटे धुक्यात बिनदिव्याच्या, बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. उजाडेपर्यंत वेग साठच्या आत ठेवा. जुन्नर-ओतूर पट्ट्यात उसात बिबटे आहेत, अंधारात उसाच्या कडेला 'जरा थांबू' म्हणून थांबायचं नाही.

---

मीठमोहरी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

घशाचं उत्तर राहून गेलं, ते देते.

दोष थंडीचा कमी, हवेचा जास्त. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, तिला चिकटलेली हवाही गार होते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, जाळलेला कचरा सगळं त्या झाकणाखाली. ऊन पडून जमीन तापेपर्यंत ते हलत नाही, नऊ-दहा वाजतात. त्यामुळे साडेपाचची 'ताजी हवा' ही डिसेंबर-जानेवारीत शहरातली सगळ्यात वाईट हवा असू शकते. त्यात कोरडेपणा, आणि धावताना आपण तोंडाने श्वास घेतो.

उपाय: धावणं आठवड्यात तीन दिवसांवर आणा आणि शनिवार-रविवारचं आठ-साडेआठनंतर करा. आठवड्यातल्या दिवसांत हमरस्ता सोडून टेकडीवर, कारण वर चढलात की थराच्या बरंच बाहेर येता. पहिली दहा मिनिटं नुसतं भरभर चाला, नाकाने श्वास. गळ्यात सुती बफ घेऊन तोंडावर ओढला की आत जाणारी हवा थोडी दमट होते. फोनवर हवेचा निर्देशांक बघताना शहराची सरासरी न बघता जवळचं केंद्र निवडा, हिंजवडी आणि शिवाजीनगर यांत बराच फरक पडतो.

खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं. बाटली रात्री थिजायला लागली की अंगाला साबण कमी आणि तेल जास्त, एवढंच.

---

घोंगडी | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

स्लीपिंग बॅगेवर पैसे घालू नका. एक चांगली घोंगडी आणि सतरंजी घ्या. आमच्याकडे जानेवारीत रानात पिकाला पाणी द्यायला माणसं यावरच रात्र काढतात. लोकर ओली झाली तरी ऊब धरते.

---

पायवाट | १५ नोव्हेंबर, दुपारी १.०५

@घोंगडी, ऊब धरते हे खरं, पण दोन-तीन किलो वजन दोन तास चढवायचं कोणी? गावात घरी मुक्काम असेल तर घोंगडीच, मान्य.

वर उघड्यावर असेल तर बॅग भाड्याने घ्या, पुण्यात ट्रेकिंगचं सामान देणारी दुकानं बरीच आहेत. पण आकडा नीट वाचा. बॅगेवर दोन-तीन तापमानं असतात, त्यातली दोन महत्त्वाची: कम्फर्ट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार दुसरं सांगतो. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला माणूस कसाबसा तग धरतो, झोप विसरा. गडावर डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली सहज येतो, थंडीची लाट असेल तर पाचाकडे, आणि वर वारा. कम्फर्ट पाच अंश लिहिलेली घ्या.

त्याहून मोठी चूक मॅटची होते. बॅगेचा भराव पाठीखाली दाबला जातो, त्यात हवा उरत नाही आणि गारठा कातळातून थेट वर येतो. दहा मिलिमीटरचा फोम मॅट असेल तर बॅग थोडी हलकी चालते, उलटं चालत नाही. पातळ योगा मॅट असेल तर दोन घ्या.

झोपण्याआधी घामाचे कपडे आणि मोजे बदला, आतले सगळे कोरडे. बॅगेच्या आत जाड जॅकेट घालून घट्ट कोंबून घेऊ नका, ते वरून पांघरा. धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी. झोपताना मूठभर शेंगदाणे-गूळ. लघवीला जायचं टाळत पडून राहिलात तर झोपही नाही आणि ऊबही नाही, उठून जाऊन या.

तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा. बंद केल्या की दोघांच्या श्वासाची वाफ आतून थेंबांनी कापडावर जमते आणि पहाटे बॅग ओली. तंबूत स्टोव्ह किंवा कोळसा कधीही नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

शेकोटीही नको. अभयारण्य आहे हे एक, वाळलेलं गवत हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे कड्यांवरची आग्या मोहोळं. धूर, उग्र डिओ, ड्रोन, आरडाओरडा यांनी ती उठतात. उठलीच तर अंग झाकून, हात न हलवता तिथून दूर व्हायचं.

---

वऱ्हाडी_वाकड | १५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

जबरदस्त माहिती. १२ ते १४ डिसेंबर पक्कं, सोमवारची रजा टाकतो. किट लेन्सने उल्का, मृग वगैरे येईल का? आणि दुर्बीण घ्यायची तर ताऱ्यांना १०×५० सांगतात, पक्ष्यांना ८×४२. दोन घेणं परवडणार नाही.

---

व्याध | १५ नोव्हेंबर, रात्री १०.४५

एकच घ्या, ८×४२. दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. १०×५० ला ५ मिलिमीटर, ८×४२ ला सव्वापाच. म्हणजे उजेडात फरक जवळजवळ नाही. हातात धरल्यावर दहापट मोठेपणा थरथरतो, बोटीत तर फारच. आठपटीला आकाशाचा पट्टाही मोठा मिळतो, कृत्तिका पूर्ण मावतात.

त्याने बघा: मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिका (पंचवीस लाख प्रकाशवर्षं, धुरकट लंबगोल डाग दिसेल, फोटोतल्यासारखी नाही) आणि ययाती-शर्मिष्ठेच्या मधला जोडगुच्छ. रात्री दीडच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य सर्वात वर असतो, तरी क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशच, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. दक्षिणेला डोंगर आड नको. अकरानंतर सिंहेत गुरू, त्याच्यामागून मंगळ, आणि पहाटे चारनंतर शुक्र.

कॅमेऱ्याचं: १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००. सेकंदांसाठी ५०० ला १८ आणि क्रॉप सेन्सरच्या दीडने भागा, साधारण १८ येतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्यातही तारे ताणतात, १३ वर ठेवा. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून व्याधाच्या ताऱ्यावर हाताने फोकस करा, ठिपका सर्वात बारीक झाला की रिंगवर कागदी चिकटपट्टी. झूमच्या रिंगवरही लावा, किट लेन्स कललं की झूम घसरतं. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल.

उल्का नेम धरून मिळत नाही. इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं साधन) लावून १३ सेकंदांचे फोटो सलग तीन तास काढत राहायचं आणि नंतर निवडायचं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा डोळे मिटून बसतो आणि नेमकी तेव्हाच उल्का जाते.

दोन अडचणी हमखास येतात. थंडीत बॅटरी लवकर बसते: दुसरी बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, अदलाबदल करत राहा. दुसरी म्हणजे दव. रात्री दोन-अडीचला लेन्सच्या काचेवर धुकं बसतं आणि पुढचे सगळे फोटो दुधी. हातापायाला ऊब देणाऱ्या रासायनिक पुड्या मिळतात, त्यातली एक लेन्सच्या पुढच्या कडेला मोज्याच्या तुकड्यात गुंडाळून रबरबँडने बांधा. काच रुमालाने पुसू नका, पुन्हा लगेच धरते.

गड नकोसा झाला तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून. त्यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात, मोठ्या दुर्बिणी आणि सांगायला माणसं. मुंबईकडच्यांना खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री. आणि २८ फेब्रुवारी यंदा रविवारी येतोय: राष्ट्रीय विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला मिळते. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. वेळ आणि नोंदणीची सूचना फेब्रुवारीत बघा.

---

शेकाट्या | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

भिगवणसाठी कालनिर्णय नको, पक्षी ज्या पाण्यावर येतात त्या उजनी धरणाच्या साठ्याचा टक्का बघा.

दरवर्षी डिसेंबरात शेकडो गाड्या कुंभारगावला जातात आणि 'फ्लेमिंगो कुठायत' म्हणून नावाड्याशी हुज्जत घालतात. रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) उभा राहतो तो गुडघाभर पाण्यात, चिखलातले बारीक जीव गाळून खातो. धरण काठोकाठ असलं की त्याला उभं राहायला जागाच नसते. पावसाळा चांगला झाला असेल तर रब्बीचं आवर्तन सुटून पातळी उतरेपर्यंत, म्हणजे जानेवारीचा शेवट ते मार्च, थांबायचं.

टक्का वाचतानाही गोम आहे. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले ६३ च्या वर मृतसाठा. पेपरात येणारा टक्का उरलेल्या साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणून तो शंभराच्या वर जातो आणि उन्हाळ्यात उणेही होतो. टक्का शंभरीजवळ असेल तर घाई करू नका. उतरणीला लागून दोन-तीन आठवडे झाले की निघा, आणि निघण्याआधी नावाड्याला फोन करून सरळ विचारा. तो खोटं सांगत नाही, कारण हुज्जत त्यालाच ऐकावी लागते.

रोहित नसले तरी पट्टकादंब (हिमालय ओलांडून येतात), चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, मोर शराटी, कुरव, आणि अर्थात शेकाट्या असतातच. त्यासाठी डिसेंबरही चालेल, फक्त गुलाबी फोटोची आशा ठेवून जाऊ नका.

वाकडहून सव्वाशे किलोमीटर धरा. कुंभारगावात साडेसहाला बोटीत बसायचं म्हणजे साडेतीनला निघणं, आणि सोलापूर रस्त्यावर त्या वेळी उसाच्या ट्रॉल्या. शनिवारी संध्याकाळीच जाऊन गावात घरगुती मुक्काम करा. जेवणात चिलापी मिळेल, खाणाऱ्यांसाठी. सकाळी बोट सूर्य पाठीशी येईल अशी घ्यायला सांगा, नाहीतर सगळे पक्षी काळ्या आकृत्या. तुमच्या ५५ मिमीने पक्षी टिपता येणार नाहीत, ७०-३०० भाड्याने घ्या. उडणाऱ्याला शटर १/१६०० सेकंद, आयएसओ ऑटो.

दोन नियम. थवा उडवण्यासाठी टाळ्या, शिट्ट्या, बोट अंगावर घालणं नाही. दिवसभर चरून साठवलेली चरबी त्या उड्डाणात जळते आणि पुढचा परतीचा प्रवास त्या चरबीवरच असतो. आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट हलू देऊ नका. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. हिवाळ्यात पाणी शांत असतं, पण थंड पाणी आणि जाड जॅकेट हे गणित वेगळंच वाईट.

परतताना दुपारी इंदापूरच्या कडबनवाडीचा माळ करता येतो: चिंकारा, भोवत्या, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची नोंदणी करून आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच. माळावर बाइक घालू नका, जमिनीवर घरटी असतात.

---

आगटी | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

हुरड्याचं मी सांगतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीअखेर, पेरणी कधी झाली त्यावर. ज्वारीचा दाणा दुधाळपणा संपून चिकाचा, पण दाबला की मऊ, अशा अवस्थेत सात-आठ दिवसच असतो. नंतर तो हुरडा राहत नाही, ज्वारी होते.

फोनवर 'हुरडा आहे का' विचारलं तर सगळे हो म्हणतात. 'वाण कोणता' विचारा. गूळभेंडी, सुरती, फुले मधुर अशी नावं आली तर ठीक. साधी मालदांडी भाजून देणारेही आहेत. वाईट नाही, पण कोंडा नीट सुटत नाही, घशात कुसळ अडकतं आणि गोडी कमी.

गोवऱ्यांचा जाळ विझू द्यायचा, फुललेल्या रखरखीत आरात कणसं खुपसायची, फिरवत तीन-चार मिनिटं. जाळावर धरली की बाहेरून करपतात, आत कच्ची. काढली की गरम असतानाच गोणपाटावर हाताने चोळायची, गार झाली तर दाणा सुटत नाही. पाखडून लगेच खायचं. सोबत लसणाची आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. वर रेवड्या, बोरं, ऊस. जेवणाचं ताट, बैलगाडी, झोके हे पॅकेजवाल्यांचं. तुम्हाला हुरडा खायचाय तर सकाळी नऊ-दहाला पोचा आणि जेवण घेऊ नका. माणशी दीड-दोनशे ग्रॅम दाण्यांतच पोट भरतं. वर भरपूर पाणी प्यायलात तर पोट फुगतं, त्यापेक्षा ताक.

९ जानेवारी अमावास्येजवळचा म्हणताय ना? नगर किंवा सोलापूरकडच्या शेतावर शनिवारी मुक्काम करा. रात्री तुमचे तारे, सकाळी आगटी. एकाच पेट्रोलमध्ये दोन्ही.

---

मीठमोहरी | १६ नोव्हेंबर, दुपारी २.१०

आगटी +१. आणि डिसेंबरात पुण्यात असून सवाई गंधर्व संगीत महोत्सव सुटायला नको. १९५३ पासून चाललंय, भारतीय बैठकीचं तिकीट परवडतं. पाठीला टेकू मिळत नाही म्हणून घडीची बैठक-खुर्ची न्या, आणि मांडवात आठनंतर पायाला गारवा लागतो म्हणून मोजे. ऑफिसवाल्यांना शनिवारचं सत्र सोयीचं. तारखा १२ डिसेंबरला भिडल्या तर मात्र उल्का वर्षात एकदाच :)

---

व्याध | १६ नोव्हेंबर, दुपारी २.२५

सवाईही वर्षातून एकदाच, पण मी गप्प बसतो.

---

किनारा | १६ नोव्हेंबर, रात्री ८.५०

२३ ते २६ जानेवारी रिकामे आहेत असं दिसतंय. सोमवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस. चंद्रामुळे ताऱ्यांना बाद, पण कोकणाला तोच चंद्र उपयोगी. पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, समुद्रकाकड्या, गोगलगायी दिसतात.

वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. २४ जानेवारीला वद्य द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे, सकाळी सात-साडेसातला. त्याआधी तासभर खडकावर पोचा, पाण्याबरोबर उतरत जा आणि पाणी फिरलं की मागे फिरा. बंदरागणिक पाव-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून रात्री तक्त्यावरून पडताळा.

पुण्याहून बाइकने दापोली बाजू बरी, ताम्हिणी-माणगाव-मंडणगडमार्गे सहा-सात तास. हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला खडक आहेत. जुने, पक्क्या तळव्याचे बूट घाला. शेवाळ घसरतं आणि खडकाला चिकटलेली कवचं ब्लेडसारखी कापतात. शंकूसारखा नक्षीदार शंख दिसला तर उचलायचा नाही, त्यातला प्राणी विषारी डंख मारतो. दगड उलटून बघितला तर होता तसा परत ठेवा.

---

वऱ्हाडी_वाकड | १६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मग अकोल्याला कधी जाऊ बाप्पा? ख्रिसमसला जावं म्हणतो, चांदणं अन् गर्दी दोन्ही चुकतील. तिकीट मिळेल का आता?

---

पायवाट | १६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, २४-२५ डिसेंबरचं ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीच्या गर्दीत उघडून संपलं असणार. महाराष्ट्र एक्स्प्रेस, गरीब रथ दोन्हींची वेटिंग बघा. तीस-चाळीसच्या आत असेल तर स्लीपरला आशा, त्यापुढे नाही. तत्काळ आदल्या दिवशी: एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर आजच जोडा, त्याशिवाय तत्काळ होत नाही. प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, टाइप करेपर्यंत जागा जातात.

सोपा मार्ग म्हणजे गुरुवारी २४ ची रजा टाकून बुधवारी रात्री निघा, परत रविवारी. बुधवारची गर्दी निम्मी. एसटी आणि खासगी बसचे दर २४ च्या रात्री चढतात, २३ ला नाही.

आणि बेत बदलून जानेवारीत घरी जायचं ठरलं तर शुक्रवार २२ जानेवारीचं आरक्षण २३ नोव्हेंबरला सकाळी आठला उघडेल, २६ च्या परतीचं २७ नोव्हेंबरला. येत्या सोमवारी आठच्या आधी लॉगिन करून बसा. साडेआठला बसलात तर २४ डिसेंबरसारखीच गत.

---

वऱ्हाडी_वाकड | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

ठरलं. १२-१४ डिसेंबर पाचनई (रजा १), २३ च्या रात्री अकोला (रजा १), ९ जानेवारी शेतावर मुक्काम आणि हुरडा, २३-२६ जानेवारी दापोली (रजा १), फेब्रुवारीत उजनी उतरली की भिगवण, २८ ला खोडद. दोन रजा शिल्लक.

---

शेकाट्या | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

त्यातली एक भिगवणला ठेवा आणि शुक्रवारी सकाळी बोट घ्या. रविवारी पाण्यावर पक्ष्यांपेक्षा बोटी जास्त असतात. आणि ७०-३०० लेन्स बुधवारीच घेऊन ठेवा, गुरुवारी संध्याकाळपर्यंत भाड्याच्या दुकानात एकही उरत नाही.